समेट की न्याय? : पुनर्स्थापनात्मक न्यायाचा हेतू आणि त्याचा दुरुपयोग

विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी लेख लिहावयास बसलो असता आमच्या मनात एकच वाक्य वारंवार येत राहिले. ते वाक्य आपल्या परिसरात प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले आहे : ‘झालं गेलं विसरून जा, आपसात मिटवून घ्या.’ घाटनांदूरपासून अंबाजोगाईपर्यंत, वस्तीपासून तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारापर्यंत, हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या तोंडून मोठ्या मायेने उच्चारले जाते. त्यातील माया कधी खरी असते, तर कधी तिच्याआड दुर्बलाला गप्प बसविण्याचा डाव असतो. या दोहोंतील फरक ओळखता यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

अलीकडे विधी महाविद्यालयांत आणि शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांतून ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. मराठीत त्याला पुनर्स्थापनात्मक न्याय असे म्हणतात. गुन्ह्यामुळे जे मोडले ते पुन्हा उभे करणारा न्याय, असा त्याचा साधा अर्थ. कल्पना उदात्त आहे. परंतु तिचे नाव घेऊन काय काय खपविले जाते, हेही पाहणे आवश्यक आहे.

मूळ हेतू

नेहमीचा फौजदारी न्याय तीन गोष्टी विचारतो : कोणता कायदा मोडला, कोणी मोडला आणि शिक्षा किती? या सर्व प्रक्रियेत फिर्यादी राज्यसंस्था असते. ज्याचे डोके फुटले, ज्याचे घर जळले, तो मनुष्य केवळ एक साक्षीदार म्हणून उरतो. पुनर्स्थापनात्मक न्याय निराळे प्रश्न विचारतो. इजा कोणाला झाली? त्याला आता कशाची गरज आहे? आणि ती गरज भागविण्याची जबाबदारी कोणाची? अमेरिकन अभ्यासक हॉवर्ड झेर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही मांडणी केली आणि ती जगभर पोहोचली.

तत्पूर्वी १९७४ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील एल्मायरा या गावी दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी तोडफोड केली होती. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्या दोघांना नुकसान झालेल्या लोकांच्या दारी जाण्यास फर्मावले. ते गेले, समोरासमोर उभे राहिले, नुकसान ऐकून घेतले आणि नंतर भरपाईही केली. पुढे न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायदा करून अल्पवयीनांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबांची बैठक ही पद्धत स्वीकारली; तिच्या मागे तेथील मूलनिवासी माओरी समाजाची परंपरा होती. आपल्याकडील २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकासाठी समज, समुपदेशन आणि समाजसेवा असे मार्ग ठेवलेले आहेत. बालक सुधारू शकते, हा विश्वास त्यामागे आहे. शिक्षक म्हणून आमचाही तोच विश्वास आहे.

धम्मातील आधार

आपल्या बौद्ध वाचकांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात चित्त गृहपती आणि सुधम्म भिक्खू यांची कथा आहे. चित्ताने सारिपुत्त, मोग्गल्लान आदी थेरांना भोजनाचे निमंत्रण दिले, ते आपल्याला आधी विचारले नाही म्हणून सुधम्म रुष्ट झाला. भोजनाची तयारी पाहून तो म्हणाला, सर्व आहे, फक्त तिळाची पोळी तेवढी नाही. अट्ठकथेनुसार हा चित्ताच्या पूर्वजांच्या धंद्यावर मारलेला टोमणा होता. धंद्यावरून माणसाला हिणविणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही.

भगवंतांनी सुधम्माला काय सांगितले? जा आणि चित्ताची क्षमा माग. सुधम्म गेला, पण लाजेने तोंड उघडेना, तसाच परत आला. तेव्हा संघाने त्याच्यासोबत एक भिक्खू दूत म्हणून दिला. या विधीला पटिसारणीय कम्म म्हणतात. गृहस्थाने क्षमा केली तर उत्तम. न केल्यास सोबतच्या भिक्खूने आपल्या वतीने, मग संघाच्या वतीने विनंती करावी. तरीही त्याने क्षमा केली नाही, तर अपराधी भिक्खूने त्या गृहस्थाला दिसेल व ऐकू येईल अशा ठिकाणी आपल्या अपराधाची कबुली द्यावी.

या विधीतील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. पाऊल उचलावयाचे ते अपराध्याने. अपमानिताच्या दारी जावयाचे तेही त्यानेच. क्षमा करणे अथवा न करणे हा अपमानिताचा अधिकार अबाधित राहतो. त्याने नकार दिला म्हणून त्याच्यावर कोणताही ठपका येत नाही.

अंगुलिमालाची कथा तर आपल्या प्रत्येक धम्म वर्गात सांगितली जाते. परंतु तिचा उत्तरार्ध बहुधा गाळला जातो. भिक्खू झाल्यानंतर अंगुलिमाल भिक्षेसाठी श्रावस्तीत गेला असता त्याच्यावर दगड-ढेकळे येऊन आदळली. डोके फुटले, पात्र भंगले, चीवर फाटले. रक्ताने माखलेल्या अंगुलिमालाला तथागतांनी सांगितले, हे सहन कर. हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. ‘अंगुलिमाल आता बदलला आहे, त्याला क्षमा करा’ असा उपदेश त्यांनी श्रावस्तीच्या लोकांना केला नाही. ज्यांची माणसे मारली गेली, त्यांच्याकडे क्षमेची मागणी करण्याचा अधिकार अपराध्यालाही नाही आणि त्याच्या गुरूलाही नाही, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

विनयात कलह शमविण्याच्या सात पद्धती आहेत. त्यातील शेवटची तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे. दोन्ही बाजूंनी बरेच बोलून झाले असेल आणि उकरत बसल्याने कलह वाढणार असेल, तर सर्वांच्या संमतीने त्यावर गवत टाकावे. मात्र या सवलतीला दोन अपवाद आहेत : गंभीर दोष आणि गृहस्थांशी संबंधित दोष. संघाला आपापसातील किरकोळ चुका झाकता येतील. पण मोठा अपराध झाकता येणार नाही आणि संघाबाहेरच्या माणसाचे केलेले नुकसान तर मुळीच झाकता येणार नाही. गावकीने आणि संस्थाचालकांनी हे दोन अपवाद भिंतीवर लिहून ठेवावेत अशा योग्यतेचे आहेत.

बाबासाहेबांचा इशारा

समेटासाठी आणखी एक अट लागते, ती समानतेची. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेल्या तंट्याचे वर्णन केले आहे. युद्धाऐवजी सिद्धार्थ गौतम सुचवितात : शाक्यांनी दोन माणसे निवडावी, कोलियांनी दोन निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी निवाडा करावा. दोन्ही बाजूंना सारखे आसन, हा या सूचनेचा प्राण आहे. शाक्य संघाने ती फेटाळली. एवढेच नव्हे, तर बहुमताला विरोध करणाऱ्या सिद्धार्थाच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमीनजप्तीची टांगती तलवार धरली गेली.

हे लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी गावच्या पंचायतीचा न्याय जवळून पाहिला होता. ऑक्टोबर १९३२ मध्ये, पुणे करार होऊन दोन आठवडेही उलटले नव्हते, मुंबई कायदे मंडळात ग्रामपंचायत विधेयकावर चर्चा झाली. गावच्या पंचायतीला न्यायदानाचे अधिकार देण्यास बाबासाहेबांनी विरोध केला. जातिभेदाने जखडलेला, माणसामाणसांत उच्चनीचता मानणारा गाव अस्पृश्याला निःपक्ष न्याय कसा देणार, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानावा, अशी मागणी त्यांनी केली. महाराष्ट्रात या स्वरूपाचा स्वतंत्र कायदा व्हावयास २०१६ साल उजाडले आणि तो २०१७ पासून अंमलात आला. मधली सुमारे सत्तर वर्षे बहिष्काराच्या धाकाने किती फिर्यादी मागे घेतल्या गेल्या असतील, त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

तंटामुक्ती आणि तंट्याचे झाकण

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिचा हेतू चांगला होता. बांधाचे, वाटणीचे, पाणंद रस्त्याचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. वकिलांची फी आणि एस.टी.चे भाडे यांतच शेत विकले जाते. असे वाद गावातच मिटले, तर कोणाचे अहित होणार? अनेक गावांत असे वाद मिटले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु या मोहिमेत तंटे मिटविण्यासाठी गुण होते आणि गुणांवर गावाला रोख पुरस्कार होता. येथेच धोका होता. बक्षीस तंटा नसण्याला असते, तेव्हा तक्रार करणारा माणूस गावाच्या प्रतिष्ठेचा शत्रू ठरतो. ज्याच्यावर अन्याय झाला तोच ‘गावाचे नाव खराब करणारा’ म्हणून ओळखला जातो.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची हत्या झाली. सुरेखाताईंनी त्यापूर्वी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार म्हणून गावातील लोकांची नावे सांगितली होती. तोंड उघडल्याची ही किंमत होती. याच खैरलांजीला पुढे तंटामुक्त गावाचा पुरस्कार मिळाला. चार प्रेतांनंतर गाव तंटामुक्त ठरत असेल, तर तंटा या शब्दाचा अर्थच आपण पुन्हा तपासावयास हवा.

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये नितीन आगे या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला. खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. तेथे कोणी समेटाची बैठक बोलाविली नव्हती. तरीही निकाल तोच लागला. गाव एका बाजूला गप्प बसते, तेव्हा कागदावर सही न घेताही तक्रार मिटते.

दूरच्या देशाचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या अंतानंतर आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व सलोखा आयोगाने काम केले. राजकीय हेतूने केलेल्या अत्याचारांची संपूर्ण हकीगत उघड करणाऱ्यासच तेथे माफी मिळणार होती. सत्य न सांगणाऱ्याला माफी नव्हती. एवढी कडक अट असूनही पीडित कुटुंबांना जाहीर झालेली नुकसानभरपाई २००३ पर्यंत रखडली आणि ती माणशी तीस हजार रँड एवढीच होती. अपराध्याची माफी लवकर पदरात पडली. पीडिताचे देणे मात्र मागे राहिले.

आमची चूक

दुसऱ्यांचे दोष दाखवून स्वतःचे झाकणे या विषयावरील लेखात शोभणार नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका गावी शिकवीत होतो. भीमजयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना मारहाण व जातिवाचक शिवीगाळ झाली. त्यांनी धैर्याने फिर्याद दिली. चार दिवसांनी गावची प्रतिष्ठित मंडळी आमच्याकडे आली. ‘सर, तुमचा शब्द तो मोडणार नाही. गावाचं वातावरण बिघडायला नको.’ आम्हांस ते पटले. आम्ही स्वतःला शांतिदूत समजलो.

सायंकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. मारणारे सतरंजीवर बसले होते. मार खाल्लेला मनुष्य खाली, कडेला उभा होता. ‘झालं गेलं विसरून जा’ हे वाक्य मारणाऱ्यांनीच उच्चारले. ‘माझे चुकले’ असे एकानेही म्हटले नाही. शेवटी त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, ‘सर, तुम्ही म्हणता म्हणून.’ मग नारळ, टोपी आणि एका कागदावर सही.

पुढच्या हंगामात गावातील कोणीही त्यांना कामावर बोलाविले नाही. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको ऊसतोडीला गेले. सोबत मुलगाही गेला; तो शाळेत परत आला नाही. त्या सभामंडपात आम्ही न्याय केला असे आम्हांस त्या दिवशी वाटले होते. वास्तविक आम्ही एका माणसाच्या हातातले एकमेव हत्यार काढून घेतले होते, आणि ते आमच्या हातून काढून घेण्यात आले, कारण आमच्यावर त्याचा विश्वास होता.

कायद्याची रेषा

त्या वेळी आम्हांस जे ठाऊक नव्हते, ते आज प्रत्येक पालकास ठाऊक असावे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ खालील गुन्हे आपसात मिटविता येत नाहीत. गावकऱ्यांनी, पुढाऱ्यांनी वा पोलिसांनी घेतलेल्या समेटाच्या कागदाने असा खटला संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रामावतार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात समेटाच्या आधारे असा खटला रद्द केला, हे खरे. परंतु तो वाद मुळात जमिनीचा, खासगी स्वरूपाचा असल्याचे न्यायालयास दिसले होते. पीडितावर दबाव नाही ना, हे अशा प्रकरणी न्यायालयांनी अत्यंत काळजीपूर्वक तपासावे, असेही त्याच निकालात बजावले आहे. हा अधिकार वरिष्ठ न्यायालयांचा आहे. सभामंडपातील बैठकीचा नव्हे.

कायदा केवळ शिक्षा करतो, मोडलेले जोडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी याच अधिनियमाचे १९९५ चे नियम वाचावेत. त्यात पीडितास अर्थसाहाय्य व पुनर्वसनाची तरतूद आहे. २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांना संरक्षणाचे आणि खटल्याची माहिती मिळण्याचे हक्क दिले आहेत. खरी पुनर्स्थापना येथे आहे. जे मिळावयास हवे ते हक्काने मागण्याऐवजी, आपण नारळ-टोपीवर समाधान मानतो.

कसोटी

मग समेटाची प्रत्येक बैठक त्याज्य समजावी काय? तसे आमचे म्हणणे नाही. बैठकीचे बोलावणे आले, तर पुढील प्रश्न विचारावेत.

१. अपराध्याने आपला अपराध स्पष्ट शब्दांत कबूल केला आहे काय?
२. बैठकीची मागणी पीडिताने केली आहे, की त्याच्यावर ती लादली जात आहे?
३. त्याने ‘नाही’ म्हटल्यास त्याची मजुरी, पाणी, वाट, मुलाची शाळा सुरक्षित राहील काय?
४. दोन्ही बाजूंना सारखे आसन आणि आपल्या पसंतीचा माणूस सोबत आणण्याची मुभा आहे काय?
५. झालेले नुकसान कोण, किती दिवसांत भरून देणार, हे ठरले आहे काय?
६. हा गुन्हा कायद्याने मिटविता येण्याजोगा आहे काय?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल असेल, तर त्या बैठकीला कोणतेही गोंडस नाव दिले तरी ती न्यायाची बैठक नव्हे.

आपल्या विद्यालयात

वसतिगृहात आम्ही ही पद्धत लहान प्रसंगी वापरतो. मागे एका मुलाच्या पेटीतून दोनशे रुपये गेले. आईवडिलांनी ऊसतोडीला जाताना खर्चासाठी दिलेले ते पैसे होते. पैसे घेणारा मुलगा सापडला. ज्याचे पैसे गेले त्याला आम्ही विचारले, तुला काय हवे? तो म्हणाला, ‘सर, पैसे गेले म्हटल्यावर सगळे मला खोटारडा म्हणत होते. मी खोटा नव्हतो, एवढं त्याने सगळ्यांना सांगावं.’ आम्ही केवळ पैसे परत देवविले असते, तर त्या मुलाची खरी जखम आम्हांस कळलीच नसती. दुसऱ्या मुलाने खोलीतील मुलांसमोर ते सांगितले आणि पैसे हप्त्याहप्त्याने फेडले. दोघेही येथेच शिकून बाहेर पडले.

मात्र याच पद्धतीला विद्यालयातही मर्यादा आहे आणि ती येथे लेखी नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती मिळाली, तर ‘संस्थेचे नाव’ या सबबीखाली कोणतीही बैठक होता कामा नये. मग आरोपी मोठा विद्यार्थी असो, कर्मचारी असो की आमच्यापैकी कोणी असो. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि ती दडविणे हा गुन्हा आहे. तिणवत्थारकाचे दोन अपवाद आधी आपल्याला लागू आहेत, मग गावाला.

करुणा आणि न्याय यांत तथागतांनी विरोध मानला नाही. करुणेच्या नावाने न्याय मागे घेण्यास मात्र त्यांच्या विनयात जागा नाही. या विद्यालयातून बाहेर पडलेले आमचे विद्यार्थी आज शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, पोलीस आहेत, वकील आहेत. उद्या त्यांनाही कोणी म्हणेल, ‘तुमचा शब्द तो मोडणार नाही.’ त्या वेळी त्यांनी प्रथम जो उभा आहे त्याच्याकडे पाहावे, त्याला बसावयास जागा द्यावी आणि त्याला काय हवे ते विचारावे. आम्ही त्या सायंकाळी ते विचारले नव्हते.

जयभीम! नमो बुद्धाय!